डिस्क्रिप्टिव्ह क्रॉस-सेक्शनल स्टडीमधून ‘परिणाम’ का सांगता येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी तालुक्यातल्या २०० बायकांचं हिमोग्लोबिन बघायचंय, चहाच्या सवयी विचारायच्यात, आणि गाईड म्हणतात शीर्षकातून ‘चहाचा परिणाम’ काढा. गाईडचं बरोबर आहे.

डिस्क्रिप्टिव्ह म्हणजे तुलना न करता नुसतं काय आहे ते सांगणारी, आणि क्रॉस-सेक्शनल म्हणजे सगळं एकाच वेळी टिपणारी. तुम्ही रक्त तपासणार आणि चहाचं विचारणार, दोन्ही एकाच भेटीत. आधी काय घडलं हे त्यातून कळायला मार्गच नाही. चहामुळे लोह कमी शोषलं जातं हे खरं, पण रक्त कमी म्हणून थकवा, आणि थकवा म्हणून दुपारचा तिसरा कप, असंही असू शकतं. लोहाच्या गोळ्यांचं बघा. गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्येच अॅनिमिया जास्त दिसला तर गोळ्यांनी रक्त कमी झालं म्हणणार का? कमी होतं म्हणूनच तर दिल्या!

या पद्धतीने एकच गोष्ट नीट सांगता येते: या लोकांत, या काळात, इतक्या टक्क्यांना हे आहे. म्हणजे प्रिव्हलन्स. नव्याने किती जणींना झालं हे सांगायला त्याच बायकांकडे पुन्हा जावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणही तुमच्यासारखंच, एकाच भेटीचं. २०१५-१६ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांना अॅनिमिया निघाला, २०१९-२१ मध्ये ५४.२ टक्के. वाढला हे दिसतं. का वाढला, हे त्या दोन आकड्यांत नाही. शिवाय दोन्ही वेळच्या बायका वेगळ्या.

आता नमुना. २०० कुठून आणले? ४pq भागिले L वर्ग हे सूत्र तुमच्याकडे असेलच. p म्हणजे अंदाजे किती टक्क्यांना अॅनिमिया आहे, q म्हणजे उरलेले टक्के, L म्हणजे चालणारी चूक. p ५४, q ४६, चूक ५ टक्के चालेल असं धरलं तर ३९८ येतात. सिनॉप्सिसच्या (प्रबंधाच्या आराखड्याच्या) दिवशी पहिला प्रश्न हाच येतो.

पण संख्येपेक्षा मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. कम्युनिटी मेडिसिनमध्ये नवीन असताना आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका गावात जानेवारीत सर्व्हे केला. यादीप्रमाणे घरं गाठली तर निम्म्या दारांना कुलपं. माणसं ऊसतोडीला गेलेली. उरलेल्या म्हाताऱ्या, लेकरं, आणि ज्यांचं बरं चाललंय अशी घरं. आम्ही मुकाट्याने शेजारचं घर घेत गेलो आणि संख्या भरली. आकडा छान आला, फक्त तो त्या गावाचा नव्हता. जिचं रक्त सगळ्यात कमी असण्याची शक्यता, ती बाई तेव्हा कारखान्याच्या तळावर कोपीत होती. तेव्हा बंद घरं किती, हे अहवालात लिहा, आणि निदान दोनदा तरी परत जा. सकाळी ११ ला गेलात तर शेतमजूर बाई भेटणारच नाही, संध्याकाळी ७ ला जा.

मोजमापाचंही तसंच. बोटाला सुई टोचल्यावर पहिला थेंब पुसायचा असतो. रक्त येत नाही म्हणून बोट पिळलं की ऊतींतलं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन खोटंच कमी दिसतं. शिरेतून काढलेलं रक्त जास्त भरवशाचं, परवडत असेल तर तेच घ्या. अॅनिमियाची रेघ गरोदर नसलेल्यांना १२ ग्रॅमच्या खाली, गरोदर असल्यास ११ च्या. दोघींना एकाच टक्केवारीत कालवू नका.

चहाचा प्रश्न फॉर्ममधून काढायची गरज नाही. चहा पिणाऱ्या आणि न पिणाऱ्या अशी तुलना केलीत की अभ्यास अॅनालिटिकल क्रॉस-सेक्शनल होतो, आणि ‘संबंध’ एवढं म्हणता येतं. फक्त जेवणानंतर किती वेळाने पिता, तेही विचारा. शीर्षक ‘अमुक तालुक्यातील स्त्रियांमधील अॅनिमियाचे प्रमाण’ ठेवा, आणि त्यात सर्व्हेचे महिने टाका. ऊसतोडीचा तालुका असेल तर दिवाळी ते मार्च सोडून.