पंखांना 35 अंश स्वेप (मागे झुकाव) दिला आणि मॉडेल लँडिंगला पंख टाकतंय? आधी हे वाचा

भाऊ, तुमची पोस्ट म्हणजे आमच्या फायनल इयरची झेरॉक्स. फोमचं मॉडेल, 35 अंश स्वेप, वेग कमी केला की नाक आपोआप वर आणि लगेच एक पंख खाली. त्यात गाईडचा प्रश्न, ‘ड्रॅग (हवेचा अडथळा) का नाही घटला?’ घटणार कुठून!

स्वेप कामाचा तो ध्वनीच्या वेगाजवळ. तिथे पंखावर शॉक वेव्ह, म्हणजे ड्रॅग वाढवणारी दाबाची लाट, उठते. शॉक वेव्हसाठी हवेच्या वेगाचा पंखाशी काटकोनातला भागच मोजायचा. 0.8 माखला (ध्वनीच्या वेगाच्या 0.8 पट) 35 अंशांत तो साधारण 0.66 वर येतो. तुमचं मॉडेल उडतं सेकंदाला 20 मीटरने, म्हणजे 0.06 माख. तिथे शॉक नाहीच, पण लिफ्टला (पंखाच्या उचलीला) कात्री लागते; लांब पंखाच्या ढोबळ हिशेबाने 18 टक्के. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरणाऱ्या ए320 जेटचा स्वेपसुद्धा 25 अंशच आहे, आणि पंख्याच्या एटीआर विमानाचे पंख जवळपास सरळ.

आता नाक वर का? स्वेपमुळे पंखालगतची मंद हवा टोकाकडे सरकते, टोक आधी स्टॉल होतं, म्हणजे त्याची लिफ्ट कोसळते. टोकं सीजीच्या (गुरुत्वमध्याच्या) मागे, म्हणून नाक उचलतं. टोकाला 2-3 अंश वॉशआउट (टोकाची पुढची कड खाली झुकवणारा पीळ) द्या, नाहीतर मिग-15 या लढाऊ विमानासारख्या फेन्स (पंखावरच्या उभ्या पट्ट्या) लावा. (माझं मत, तुमचा एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) मी पाहिलेला नाही.)

आमचा खरा घात केला विंड टनेलवाल्यांनी (पंख्याने हवा सोडून मॉडेल तपासायचा बोगदा). नाव घेत नाही. एचओडीची (विभागप्रमुखांची) सही आणली तर फॉरमॅट जुना, नवा फॉरमॅट नेला तर साहेब रजेवर. स्लॉट मिळाला तो सबमिशनच्या तोंडावर. पंखा बंद, तरी बॅलन्सचा (मॉडेलवरचं बल मोजणाऱ्या काट्याचा) आकडा सरकतोय! कॅलिब्रेशन विचारलं तर, ‘रीडिंग घ्या अन् निघा.’ त्या कचऱ्यावर आम्ही व्हायवात भांडलो. त्यामुळे पंखा सुरू करण्याआधी आणि बंद केल्यावर शून्याचं रीडिंग घ्याच, मोबाईलवर व्हिडिओसकट. दोन्ही जुळत नसतील तर ते आकडे रिपोर्टात घालू नका, कोणी कितीही डोळे वटारो. मॉडेल धरणाऱ्या नुसत्या स्टँडचा ड्रॅगही वेगळा मोजून वजा करा.

आणि हो, स्वेप लीडिंग एजवर (पंखाच्या पुढच्या कडेवर) मोजलाय का? क्वार्टर कॉर्डवर (पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव अंतरावरची रेघ) मोजा, टेपर (टोकाकडे निमुळता पंख) असेल तर फरक पडतो. शिवाय मे महिन्यात मॉडेल डिकीत ठेवत असाल तर दोन्ही पंखांचा पीळ तपासा. नागपूरच्या उन्हात फोम वाकतो आणि बिल स्वेपवर फाटतं.