बरं वाटेल त्या दिवशी जास्त जपा

ताई, कंबरदुखीत सुरुवातीला सगळ्यांची चूक एकच: कंबर जरा मोकळी वाटली की आठवड्याची कामं एका दिवसात उरकायची, मग तीन दिवस अंथरूण. माझी दोन वर्षं यातच गेली.

दुखायची वाट पाहू नका, घड्याळ पाहून थांबा. ओट्याशी वीस मिनिटांनी दुखतं ना? मग पंधराव्या मिनिटाला परात झाकून बसा. अर्धवट मळलेली कणीक बघवत नाही, ठाऊक आहे मला. तरी बसा.

- चांगल्या दिवशीही तेवढंच काम.
- वाढवायचं तर आठवड्याने, दोनच मिनिटं.
- दिवसभर पडून राहू नका, अंग आखडतं.

रात्री इंदूरच्या सराफ्यात, त्या खाऊबाजारात, जायचंय? जरूर जा, फक्त त्या दिवशी धुणं नको. तिथे बहुतेक उभ्यानेच खावं लागतं. पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर मात्र लगेच डॉक्टरांकडे.