ऑनलाइन तासात ब्रेकआउट रूम (गटागटाने बोलायच्या वेगळ्या ऑनलाइन खोल्या) केल्या की अर्धा वेळ वाया जातो. चाळीस मुलांचं गटकार्य झटपट कसं घ्यावं?

वेळ खोल्यांमुळे जात नाही, खोल्या उघडल्यावर सूचना देत बसल्यामुळे जातो. तुमची चाळीस मुलं आहेत, माझी बासष्ट होती आणि या खोल्यांपायी मला मेमो मिळालाय, म्हणून लिहितेय.

डिसेंबर २०२०. बारावी कॉमर्स, अर्थशास्त्र, मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते. मी एकटी बडबडतेय आणि समोर 'रेडमी नोट ८', 'पप्पा जिओ', 'श्री स्वामी समर्थ' अशा नावांच्या काळ्या चौकटी. म्हटलं, आज गट पाडायचेच. काम सोपं होतं: घरात येणाऱ्या पाच वस्तू लिहा, भाव दुप्पट झाला तर कुठली आणणं बंद होईल ते ठरवा. वाटप झूमवरच सोडलं आणि दहा खोल्या उघडल्या. पहिल्या खोलीत गेले तर सगळे गप्प. एकाने हळूच विचारलं, "मॅडम, करायचं काय आहे?" दुसरीत तेच, तिसरीत तेच. सहा खोल्यांत सहा वेळा तोच प्रश्न सांगितला.

सातवीत मात्र गाडी जोरात होती. मागे कुकरच्या शिट्ट्या, आणि एक मुलगी ठणकावून सांगत होती की मीठ शंभर रुपये किलो झालं तरी आई आणणारच, पण कांदा महागला की आमची भजी बंद, भाजीत मात्र कांदा पडतोच, निम्मा. जूनपासून त्या मुलीचं "येस मॅडम"सुद्धा मी ऐकलं नव्हतं. तिथेच रमले.

नेमके तेव्हा आमचे उपप्राचार्य तास तपासायला लिंकवरून आत आले. मुख्य खोलीत नेट जाऊन परत आलेली दोन मुलं, बाकी सामसूम. दुसऱ्या दिवशी मेमो: 'तासिकेच्या वेळी शिक्षिका वर्गात अनुपस्थित.' मी म्हटलं, रेकॉर्डिंग बघा. पण क्लाउडवरचं रेकॉर्डिंग फक्त मुख्य खोलीचं होतं. त्यात दिसले ते स्वतः उपप्राचार्य, चष्मा पुसताना.

तर आता तुमचं. प्रश्न खोल्या उघडायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, फळ्यावरचा फोटो असला तरी चालेल. तोंडी सांगितलेलं खोलीत पोचेपर्यंत विरतं. गट चौघांचा, सहाचा नको, कारण सहात दोघं बोलतात आणि चौघं भाजी निवडतात. गट महिनाभर तेच ठेवा. ईमेलवरून आधी गट लावून ठेवायची सोय आहे, पण मुलं बापाच्या फोनवरून येतात, तिथे ती कोलमडते. त्यापेक्षा मुलांना नावाआधी गटक्रमांक लावायला सांगा, '३ सायली' असं, आणि स्वतः खोली निवडायचा पर्याय चालू करा. मी हे सुरू केल्यावर दोन मिनिटांत सगळे आपापल्या जागी जायला लागले. सात मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नका. बंद करताना पडणारी साठ सेकंदांची उलटी मोजणी सेटिंगमध्ये कमी करता येते. परत आल्यावर दहाही गटांना बोलायला लावू नका, दोघांना बोलू द्या, बाकीच्यांनी एकेक ओळ चॅटमध्ये टाकावी.

आणि मुख्य खोलीत कुणाला तरी को-होस्ट म्हणून बसवा. नेट जाऊन आलेल्या मुलांना परत खोलीत धाडायला माणूस लागतो. तपासणीला आलेल्यांना "मॅडम सातव्या खोलीत आहेत" असं सांगायलाही लागतो.

गटकार्य म्हणजे टाइमपास, असं आमच्या उपप्राचार्यांचं ठाम मत. साठ मिनिटं एकट्याने बोलणं म्हणजे शिकवणं, हे ज्याने ठरवलंय त्याला काय सांगणार? वर्गात ते स्वतः नोट्स उतरवून द्यायचे, तो मात्र टाइमपास नव्हे.

हे सगळं मोठ्या मुलांचं हं. चौथी-पाचवीच्या पोरांना एकटं खोलीत सोडू नका, भांडतात किंवा रडतात. आणि गूगल मीटच्या फुकटच्या खात्यावर अशा खोल्या मिळत नाहीत, तेव्हा आधी खातं कुठलं आहे ते बघा.

मेमोला मी एका ओळीचं उत्तर दिलं होतं: 'मी मिठाच्या भावावर चर्चा ऐकत होते.' ते अजून फाइलला लावलेलं आहे.