तीसपैकी सतरा दिवस गेले

‘कोड फुकटचा, मग नोटीस कसली?’ या धर्तीची पत्रं मला सारखी येतात. या वेळचं पत्र इंदूरचंच आहे. हे गृहस्थ नमकीनच्या दुकानांना बिलिंगची छोटी पेटी विकतात. आत डेबियन ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, त्यावर यांचं बिलिंगचं पॅकेज आणि पॅकेजात एका जर्मन माणसाची बारकोडची लायब्ररी, म्हणजे तयार कोड. ‘माझं नाव, लायसन्स, सोर्स (मूळ कोड) यांपैकी काहीच पेटीत नाही’, असा त्या माणसाचा मेल २ तारखेला आला. यांनी उत्तर दिलं नाही. १९ तारखेला मला विचारतात, वकिलाची नोटीस येईपर्यंत थांबू का?

थांबू नका. रजिस्टर्ड पाकीट आलं नाही म्हणजे नोटीस आलीच नाही, हा आपल्याकडचा जुना समज. जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) म्हणजे कोड फुकट वापरा, पण पुढे देताना नाव, लायसन्स आणि सोर्सही द्या, असं सांगणारा परवाना. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीच्या, म्हणजे जीपीएल-३ च्या, कलम ८ ला साधा मेलही पुरतो. त्या लेखकाकडून तुम्हाला ही पहिलीच सूचना असेल आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत चूक पूर्ण दुरुस्त केलीत, तर अटी मोडल्यामुळे गेलेला कोड वाटण्याचा हक्क कायमचा परत मिळतो. मेल स्पॅममध्ये होता, उशिरा वाचला, हा युक्तिवाद करता येईल. पण मी त्यावर विसंबणार नाही. दिवस २ तारखेपासूनच मोजा.

आता खरी मेख. लायब्ररी जीपीएल-३ चीच, हे तुम्ही कशावरून म्हणता? ती फक्त जीपीएल-२ ची असेल तर तिथलं कलम ४ सांगतं, उल्लंघन झालं की हक्क आपोआप संपला. तीस दिवसांची सवलत तिथे नाहीच. ‘आवृत्ती २ किंवा त्यापुढची’ असं लेखकाने लिहिलं असेल तर ३ निवडता येते. मात्र हे वाक्य बहुधा प्रत्येक फाइलच्या डोक्यावर असतं, आणि तुमच्या मुलाने ‘कोड स्वच्छ दिसावा’ म्हणून नेमक्या त्याच ओळी एका कमांडने उडवल्या! वर पेटीतल्या मेमरी कार्डावर जागा व्हावी म्हणून लायसन्सचा मजकूर असतो ते डॉक फोल्डरही पुसलं. जीपीएल-३ चा अख्खा मजकूर ३५ केबीच्या आसपास असतो हो. किती जागा वाचली?

लेखकाकडची मूळ प्रत आजच उतरवून घ्या, तुमच्या फाइलींशी ताडून बघा आणि ओळी जशाच्या तशा परत घाला. पॅकेजातल्या कॉपीराइट फाइलीत फक्त तुमच्या फर्मचं नाव आहे. तिथे कोणती फाइल कोणाची, कोणत्या लायसन्सची, हे लिहा. सोर्स द्या. विकलेल्या पेट्यांसाठी अपडेट काढा आणि सोबत सोर्स देण्याची लेखी हमी पाठवा. एवढ्याने जुनी चूक भरून निघाली का, याचं उत्तर कोर्टावर सोडू नका. लेखकाकडूनच लेखी घ्या.

त्या उडवलेल्या ओळींचं दुखणं वेगळंही आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५ब आलं. मालकाचं नाव नि अटी जाणूनबुजून काढून टाकल्या तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ‘जाणूनबुजून’ या शब्दावर बचाव उभा राहू शकेल, म्हणूनच ती ‘स्वच्छ कोड’ची हकीकत मेलमध्ये लिहू नका.

तुमचा स्वतःचा बिलिंगचा कोड खुला करावा लागेल का? तो लायब्ररीला कसा जोडलाय ते पाहिल्याशिवाय मी हो-नाही म्हणणार नाही. तुम्हीही त्या लेखकाला काही कबूल करू नका.

आपल्या कोर्टांत निकालाला वर्षं लागतात खरी, पण मनाईहुकमाचा अर्ज सुरुवातीलाच ऐकला जातो. तो दिवाळीच्या तोंडावर मंजूर झाला तर पेट्या गोदामातच राहतील.

लेखकाला आजच दोन ओळी लिहा: मेल मिळाला, दुरुस्ती चालू आहे, अमुक तारखेला नवी प्रत दाखवतो. तारीख तीस दिवसांच्या आतलीच द्या. आणि त्याचा मूळ मेल हेडरसकट (कोणी, कधी, कुठून पाठवला ही नोंद) जपून ठेवा, नुसत्या स्क्रीनशॉटवर भागवू नका.