40 हजारांत घरासाठी लॅपटॉप: सिनेमे आणि मुलाचे गेम दोन्ही निभावतील असा कोणता घ्यावा?

तुम्ही ऐरोलीत राहता, घरात चौघं, रात्री सिनेमे बघायचे, मुलाला व्हॅलोरंट आणि माइनक्राफ्ट हवं, आणि दुकानदार म्हणतोय, ‘रायझन 5 आहे, डोळे झाकून घ्या.’ डोळे उघडेच ठेवा. खरी मेख ‘रायझन 5’ या एएमडीच्या प्रोसेसरच्या नावापुढच्या चार आकड्यांत आहे.

सिनेमांची काळजी सोडा. गेल्या चार-पाच वर्षांतला कुठलाही बरा प्रोसेसर फुल एचडी सिनेमा आरामात चालवतो. अडतं ते गेममध्ये. या बजेटमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड सहसा मिळत नाही, म्हणजे सगळा भार प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर. आता दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले 7520यू आणि 7530यू बघा. दोन्हींवर स्टिकर रायझन 5 चाच. पण 7520यू मध्ये चार कोर (प्रोसेसरचे प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि ग्राफिक्सची फक्त 2 युनिट्स. 7530यू मध्ये सहा कोर आणि 7 युनिट्स. एएमडीच्या 7000 मालिकेत प्रोसेसरची खरी पिढी तिसरा आकडा सांगतो: 2 म्हणजे ‘झेन 2’ ही जुनी पिढी, 3 म्हणजे त्यापुढची ‘झेन 3’. पहिल्या 7 वर जाऊ नका. नावाने जुना असलेला 5500यू सुद्धा गेमसाठी 7520यू पेक्षा उजवा आहे. शिवाय 7520यू ची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, पुढे वाढवता येत नाही.

इंटेलमध्ये आय3-1215यू कामचलाऊ, आय5-1235यू चांगला. आय3-एन305 चे आठ कोर बघून भुलू नका. सगळे छोटे, कमी ताकदीचे कोर आहेत आणि मेमरीचा चॅनल, म्हणजे रॅमकडे जाणारा रस्ता, एकच. सेलेरॉनकडे तर वळूच नका.

एकाच चॅनलने काय बिघडतं? आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्याच रॅममधून वाटा घेतं. रॅमची एकच पट्टी असेल तर रस्ता अरुंद आणि गेम अडखळतो. दोन पट्ट्या लावल्या की त्याच लॅपटॉपवर गेम स्पष्टपणे सुधारतो. आय5-1235यू मध्ये तर एकाच पट्टीवर ‘आयरिस एक्सई’ ऐवजी साधं ‘यूएचडी ग्राफिक्स’ असं नाव दिसतं. म्हणून 8 जीबी असलेलं मॉडेल घेणार असाल तर रॅमची पट्टी बसवायचा एक स्लॉट रिकामा आहे ना, हे आधी बघा. दुकानातल्या डेमो लॅपटॉपवर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ उघडा. ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर ‘1 ऑफ 2’ दिसलं तर बहुधा जागा आहे, तरी त्या मॉडेलची माहिती कंपनीच्या साइटवर पडताळा. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ म्हणजे सोल्डर केलेली. डीडीआर4 च्या जागी डीडीआर5 बसत नाही, तेव्हा प्रकार लिहून घ्या. आणि एक हिशेब: 2025 च्या शेवटापासून रॅम बरीच महागली आहे. ‘नंतर टाकू’ म्हणण्याआधी पट्टीचा आजचा भाव विचारा. कधी कधी 16 जीबीचं मॉडेलच स्वस्त पडतं.

स्क्रीनवर ‘फुल एचडी’ लिहिलेलं पुरत नाही. स्वस्त मॉडेलमध्ये टीएन पॅनल असतं; समोर बसलेल्याला चित्र नीट दिसतं, पण जरा वरून-खालून पाहिलं की रंग उलटतात. चौघांनी गादीवर बसून बघायचं तर कोनातूनही नीट दिसणारं आयपीएस पॅनल हवं. काळोखातला एखादा प्रसंग लावा, झाकण मागेपुढे कलवा, लगेच कळतं. घरी टीव्ही असेल तर एचडीएमआय केबल लावून त्यावरच बघा. बऱ्याच स्वस्त लॅपटॉपमधलं पोर्ट एचडीएमआय 1.4 असतं, त्यातून 4के फक्त 30 हर्ट्झवर जातं. फुल एचडीला अडचण नाही. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर स्पीकरच्या चिन्हावरून आउटपुट बदलून टीव्ही निवडा.

स्टोरेज 512 जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) घ्या. विंडोजमध्ये ते 476 जीबी दिसेल, फसवणूक नाही, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. ‘डॉस’वाला, म्हणजे विंडोज न टाकलेला, लॅपटॉप स्वस्त दिसतो, पण विंडोजचा खर्च वर येतो आणि व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. विंडोज ‘एस मोड’मध्ये असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचा गेम बसत नाही. तो मोड फुकट काढता येतो, परत लावता मात्र येत नाही. मुलगा बीजीएमआय मागत असेल तर आधीच सांगा, तो फोनचा गेम आहे, लॅपटॉपसाठी नाही. नाहीतर पहिल्याच संध्याकाळी घरात रुसवा!

गेम खेळताना चार्जर लावलेला असू द्या. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप वेग कमी करतात. चादरीवर ठेवला की खालची हवेची जाळी बंद होते, प्रोसेसर तापतो आणि दहा-पंधरा मिनिटांत गेम मंदावतो. आपल्याकडच्या मे महिन्यात तर नक्कीच.

सेकंडहँड घ्यायचा विचार असेल तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली उतरू नका. विंडोज 11 त्याखालच्या पिढ्यांवर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला.

ऐरोलीहून ठाणे आणि वाशी दोन्ही ट्रान्स-हार्बर लोकलच्या मार्गावर आहेत, तेव्हा दोन्हीकडे एकाच मॉडेलचा भाव काढा, पूर्ण मॉडेल नंबर सांगून. बिल जीएसटीचं घ्या. बिल, खोका आणि लॅपटॉपची खालची बाजू, तिन्हीकडचा सिरियल नंबर जुळतोय का बघा. तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू झाली तेही पैसे देण्याआधी तपासा. सहा महिन्यांपूर्वीची तारीख निघाली तर तो डेमोचा किंवा परत आलेला पीस असू शकतो.