मेथोट्रेक्सेट चालू असूनही सांध्यांची सूज उतरत नसेल तर औषध वाढवावं का?

तुम्ही लिहिलंय की आईला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात) आहे, मेथोट्रेक्सेट आठवड्याला १५ मिलिग्रॅम, सात महिने झाले, जोडीला प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची ५ मिलिग्रॅमची गोळी रोज. दुखणं सोसण्यासारखं आहे, पण दोन्ही मनगटं आणि बोटांची मुळं सुजलेलीच आहेत. डॉक्टर म्हणतात औषध वाढवू, घरचे म्हणतात चाललंय ते चालू द्या.

डॉक्टरांचं ऐका. एवढंच लिहून थांबणार होते, पण ‘चाललंय ते चालू द्या’ वाचलं आणि राहवेना. हेच शब्द मी अडीच वर्षं ऐकले आणि मानलेही.

आजार निघाला तेव्हा मी ३६ वर्षांची होते. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळायची नाही, टूथब्रश दोन तळव्यांत धरून दात घासायचे. तपासण्या झाल्या, रक्तात या आजाराची खूण सांगणारं अँटी-सीसीपी भरपूर वाढलेलं आलं, मेथोट्रेक्सेट सुरू झालं. दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, खोक्यातला कागद उलगडून वाचला. दादा घरातला शिकलेला माणूस, कुणाचं काही दुखलं-खुपलं की सगळे आधी त्यालाच विचारतात. तो म्हणाला, ‘अगं, हे कॅन्सरचं औषध आहे. लिव्हर जाईल तुझं. सांधे दुखतात म्हणून कुणी केमो घेतं का?’ पाचव्या आठवड्यात मी गोळ्या बंद केल्या. या औषधाचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

मग स्टिरॉइड. दहाची गोळी, पुढे पाचची. तिसऱ्या दिवशी मी जिना भरभर चढले. दादा म्हणाला, ‘बघ, एवढ्याशा गोळीवर भागतंय.’ तेव्हा मी बरी होते, असं तो आजही म्हणतो.

मी बरी नव्हते. ठणका गेला होता, सूज होती तिथेच होती. मनगटाच्या मागे दाबलं की स्पंज दाबल्यासारखं लागायचं. बोटातली अंगठी सांध्यावरून निघेना, शेवटी कापून काढावी लागली. तरी मी गप्प, कारण दुखत तर नव्हतं. सीआरपी, म्हणजे रक्तातून सूज मोजणारी तपासणी, नॉर्मल यायचा आणि त्या रिपोर्टचा दादाला मोठा आधार. सीआरपी नॉर्मल असतानाही सांध्याच्या आतलं अस्तर सुजलेलं असू शकतं, आणि हेच अस्तर कडेकडेने हाड कुरतडत जातं.

एका सकाळी शर्टाचं बटण लावताना उजव्या हाताची करंगळी खाली पडली. दुसरा शब्द मला आजही सुचत नाही. कळ नाही, आवाज नाही. डाव्या हाताने उचलून सरळ केली, सोडली की पुन्हा खाली. मला वाटलं नस दबली असेल. हाताच्या सर्जननी मनगट दोन बोटांत धरून फिरवून बघितलं आणि सांगितलं की सुजेमुळे तिथल्या हाडाची कड खडबडीत झालीय, तिच्यावर घासून घासून करंगळी सरळ करणारी कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, तुटलीय, आणि आता असंच राहिलं तर शेजारची तुटेल. ऑपरेशन करून ती खरखरीत कड काढली आणि तुटलेली कंडरा अनामिकेच्या कंडरेला जोडली. माझी करंगळी आता एकटी उठत नाही. अनामिका उठली की तिच्याबरोबर उठते.

तेव्हाच्या एक्स-रेमध्ये मनगटाची हाडं कडेने खाल्लेली दिसत होती. अडीच वर्षांपूर्वीच्या एक्स-रेमध्ये त्याच कडा गुळगुळीत होत्या. दोन्ही फिल्म मी दादासमोर खिडकीच्या उजेडात धरल्या. तो म्हणाला, ‘आजारच तसा आहे. औषधाने काय वेगळं झालं असतं?’

काय वेगळं झालं असतं ते आता लिहिते. कॅन्सरमध्ये हे औषध एका वेळी शेकडो मिलिग्रॅम, कधी कधी ग्रॅमच्या हिशोबात देतात. आपल्याला आठवड्याला १० ते २५ मिलिग्रॅम, तेही भडकलेली प्रतिकारशक्ती निववण्यासाठी. अमेरिकेत १९८८ साली ऱ्हुमॅटॉइडसाठी त्याला मंजुरी मिळाली, आणि आजही नवं काहीही आलं तरी सुरुवात बहुतेक यानेच होते. लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून तर ठरावीक दिवसांनी रक्त तपासतात. याउलट ज्या गोळीला दादा ‘एवढीशी’ म्हणतो, तिची गोष्ट त्याला माहीत असती तर बरं झालं असतं. १९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी या आजाराने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली या कामाला नोबेल मिळालं. पुढे लांबच्या वापराने हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, मोतीबिंदू, सगळं दिसू लागलं. दुसरं औषध लागू पडेपर्यंतचा पूल म्हणून स्टिरॉइड उत्तम आहे. जमलं तर तीन महिन्यांच्या आत त्यावरून उतरावं, असं आता तज्ज्ञ सांगतात. तुमच्या आई सात महिने पुलावर आहेत.

आता तुमचा प्रश्न. तीन महिन्यांत ठळक फरक आणि सहा महिन्यांत ठरवलेलं लक्ष्य, हा आज जगभर मानला जाणारा हिशोब आहे. तो बसला नाही तर उपचार बदलायचा. डॉक्टरांना डीएएस-२८ चा, म्हणजे २८ सांधे तपासून आजाराचा जोर मोजतात तो आकडा विचारा. २.६ च्या खाली म्हणजे आजार जवळजवळ शांत, ३.२ पर्यंत सौम्य, ५.१ च्या वर जोरात. माझ्या रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टर, स्वतःच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतक्या जोराने एकेक सांधा दाबून मोजतात. त्या २८ सांध्यांत पावलांचे सांधे धरत नाहीत, म्हणून आईला बूट-चपला काढून पावलं दाखवायला लावा. माझी सगळ्यात हट्टी सूज तिथेच होती.

१५ मिलिग्रॅम हा काही शेवटचा डोस नाही. पण १५ च्या वर तोंडाने घेतलेलं औषध पूर्ण शोषलं जात नाही, म्हणून त्याच औषधाचं कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन असतं. मला २० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं, जोडीला सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या याच आजारावरच्या गोळ्या. त्याने बरंच उतरलं, उजवं मनगट आणि पावलं मात्र हटेनात. मग बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींमध्ये तयार केलेलं औषध, सुरू झालं. हे औषध सूज भडकवणाऱ्या टीएनएफ नावाच्या प्रथिनाला अडवतं. लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी १९९२ मध्ये हा मार्ग ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांवर पहिल्यांदा वापरला होता. चौथ्या महिन्यात माझं मनगट दाबल्यावर हाड लागलं, स्पंज नाही. स्टिरॉइड थोडं थोडं कमी करत आठ महिन्यांनी सुटलं. एक लागू पडलं नाही तर वेगळ्या वाटेने जाणारी रिटुक्सिमॅब, टोसिलिझुमॅब, अबाटासेप्ट आहेत, टोफासिटिनिबसारख्या गोळ्याही आहेत. यातलं आईला कुठलं, हे मला सांगता येणार नाही.

मी डॉक्टर नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. औषध वाढवण्याआधी काही गोष्टी बघून घ्या. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. फॉलिक ॲसिड चालू आहे ना, मधले डोस चुकत नाहीत ना? सूज खरंच सूज आहे, की सांध्यांची झीज किंवा फायब्रोमायल्जियाचं (सूज नसताना अंगभर दुखण्याचा आजार) दुखणं त्यात मिसळलंय? शंका असेल तर सोनोग्राफी करून घ्या. रक्ताचा प्रवाह दाखवणारा डॉप्लर लावला की सुजलेल्या अस्तरात लाल ठिपके लुकलुकताना दिसतात. बायोलॉजिकच्या आधी दबून राहिलेला टीबी आणि हिपॅटायटिस बी तपासायलाच हवा, आणि सुरू झाल्यावर ताप आला तर अंगावर काढायचा नाही. टोफासिटिनिबच्या गटाबद्दल २०२१ मध्ये अमेरिकेत हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कॅन्सरचा कडक इशारा निघाला, तेव्हा आईचं वय आणि हृदयाचा इतिहास डॉक्टरांना नीट सांगा. आणि माझ्या लिहिण्यामुळे चिडून स्टिरॉइड एकदम बंद करू नका. शरीराला त्याची सवय झालेली असते, ते उतरवतच न्यावं लागतं.

घरच्यांशी वाद घालून काही होत नाही, मी खूप घातलाय. त्यांना आईबरोबर तपासणीला न्या आणि सुजलेलं मनगट त्यांच्या अंगठ्याने दाबून बघू द्या. दादाने माझं एकदाही दाबून बघितलं नाही.

आज घरी एक करा. आईला दोन्ही हात पालथे समोर धरून सगळी बोटं सरळ करायला सांगा. एखादं बोट, विशेषतः करंगळी, खाली लोंबत राहिली तर दुखत नाही म्हणून पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, कारण शेजारची कंडरा त्याच कडेवर घासत असते.