रेडकू आणि मामंजी

प्रश्न : दादा नमस्कार. कसबा बावड्यात आमच्या चार म्हशी आहेत. मामंजी दिवाळीनंतर वारले, शेवटच्या दिवशीपण गाभण म्हशीचंच विचारत होते. बाराव्याच्या दिवशी ती व्याली, रेडा झाला, तेव्हापासून सासूबाई म्हणतात हेच परत आलेत. मालक म्हणतात रेडा ठेवून काय करायचं, विकूया. आणि मुलगा रोज विचारतोय, आई हे आजोबा आहेत का? असं होतं का खरंच? आणि जनावराला आपल्यासारखं आतनं काही कळतं का?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : ताई, सासूबाई काही उगीच म्हणत नाहीत. मरताना माणूस ज्याचं स्मरण करतो तिथंच तो जातो असं गीतेच्या आठव्या अध्यायात आहे, आणि भागवतातल्या भरत राजाचा जीव हरणाच्या पाडसात अडकला म्हणून पुढच्या जन्मी तो हरीणच झाला. मामंजींचा जीव त्या म्हशीत होता, मग त्यांना असं वाटणारच.

पण जरा दिवस मोजा. म्हैस दहा महिने गाभण असते, म्हणजे पाडव्याला मामंजींनी म्हशी सजवून पंचगंगेवर नेल्या असतील तेव्हापण हे रेडकू पोटात होतंच. चरकसंहितेत तर म्हटलंय की शुक्र म्हणजे बापाचं बीज, शोणित म्हणजे आईचं बीज आणि जीव तिन्ही एकत्र आले की त्याला गर्भ म्हणायचं, म्हणजे जीव सुरुवातीलाच आलेला. शिरोळ-हातकणंगल्याकडच्या जैन शेतकऱ्यांना विचारा, तेपण सांगतील की देह सुटला की जीव पापणी लवायच्या आत दुसरीकडं जातो, बारा दिवस थांबत नाही. तिबेटी बौद्ध 49 दिवसांपर्यंतचा मधला काळ मानतात, पण त्यांच्यातपण जीव शिरतो तो गर्भ राहताना, व्यायच्या वेळी नाही. म्हणजे पुनर्जन्म अगदी शंभर टक्के मानला तरी हे रेडकू मामंजी नाहीत, त्याचा जीव त्याचा स्वतःचा आहे.

पुनर्जन्म आहे का हे मी सांगू शकत नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या इयान स्टीव्हन्सन यांनी मागचा जन्म सांगणाऱ्या मुलांच्या दोन हजारांहून जास्त केसेस गोळा केल्या, पण ते बहुतेक मुलांच्या आणि घरच्यांच्या सांगण्यावर उभं आहे, मला तेवढं पुरेसं वाटत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं मात्र ठामपणे सांगतो. 2012 साली केंब्रिजमधे मेंदूच्या शास्त्रज्ञांनी जाहीरच केलं की जाणीव ज्याच्यावर चालते ती मेंदूतली यंत्रणा माणसाकडंच आहे असं नाही, सगळ्या सस्तन प्राण्यांत आणि पक्ष्यांत आहे, ऑक्टोपसमधेसुद्धा. 2024 च्या न्यूयॉर्कच्या जाहीरनाम्यात तर मासे, खेकडे, किड्यांपर्यंत जाणीव असण्याची शक्यता धरली. मग रेडकाचं काय विचारायचं! त्याला आई वेगळी बांधली की ते ओरडतं ते तुम्ही रोज ऐकताय.

आपण ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद बोलवले तेवढंच लक्षात ठेवतो, पण त्या गोष्टीत त्याच्याआधी काय आहे, तर आसूड रेड्याच्या पाठीवर बसला आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले. मला तोच भाग मोठा वाटतो, कारण तो रेडा कुणाचा कोण होता, मागच्या जन्मी काय होता हे तिथं कुणी विचारलंच नाही.

आता विकायचं. रेडकाला दूध सोडणं परवडत नाही आणि तो बहुतेक कुठं जातो हे तुम्हालापण माहीत आहे, मालकांची अडचण खोटी नाही. पण निदान दूध सुटेपर्यंत त्याला पोटभर पाजा, आणि नंतर द्यायचाच झाला तर गाभण करायला रेडा पाळणारं गावाकडं कुणी आहे का बघा, चार पैसे कमी आले तरी चालतील. मुलाला सांगा की हे आजोबा नाहीत, आजोबांच्या लाडक्या म्हशीचं पोर आहे. सासूबाईंना मात्र चरक आणि दिवसांचा हिशोब सांगायला जाऊ नका, आत्ता नको. त्या रेडकापाशी बसत असतील तर बसू दे.